मायनसला पत्रा

त्या वर्षी उन्हाळ्यानं गावात ठाणच मांडलं होतं. विहिरींनी तळ दाखवला. हापशाचा दांडा पन्नास वेळा हलवावा तेव्हा कळशीभर गढूळ पाणी हाती लागायचं, आणि तेवढ्यासाठी बायका पहाटेपासून भांड्यांची रांग लावून भांडत बसायच्या. गावापासून दीड कोसावर एक बोअर तेवढी जिवंत होती. तिथून पाणी आणून घरोघर पोचवायचं काम मिस्त्रीच्या घरची तीनचाकी करत होती.

तीनचाकी म्हणजे पुढून मोटारसायकल आणि मागून लोखंडी हौदा. हौद्यात चार पिंपं मावायची. गाडीचं स्वतःचं असं तिच्याजवळ फारसं उरलं नव्हतं. सीट एका गाडीचं, दिवा दुसऱ्या गाडीचा, आणि सीटखाली पेटीत बसवलेली बॅटरी भंगारात निघालेल्या टेम्पोची. किक मोडून वर्ष झालं होतं, त्यामुळे गाडी फक्त बटणावर चालू व्हायची. चालता चालता बॅटरी भरून घ्यायचं कामही तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. म्हणून रोज दुपारी दोन वाजता वीज आली की चार्जर लावायचा आणि चारला वीज गेली की काढायचा. एक दिवस चुकला तर गाडी दारात रुसून बसायची आणि मग अख्ख्या गावाचा घसा कोरडा पडायचा.

हा चार्जर लावायचा मान मिस्त्रीचा. म्हातारा चाळीस वर्षं आसपासच्या पाच गावांतले पंप दुरुस्त करत आला होता. पंपाला कान लावून आत काय दुखतंय ते सांगायचा. लोक त्याला मिस्त्री म्हणायचे, बायको होती तोवर तीही मिस्त्रीच म्हणायची. चार्जरही त्यानं स्वतःच्या हातानं बनवला होता, एका जुन्या स्टार्टरच्या पेटीत. त्यातला फ्यूज सारखा उडतो म्हणून वैतागून त्यानं फ्यूजच्या जागी चांगली जाड तार घातली होती. त्यानंतर फ्यूज कधी उडाला नाही, आणि हे तो मोठ्या कौतुकानं सांगायचा.

दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत पडदा उतरत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरातल्या वस्तूच चुगली करायच्या. एकदा शिडीची पायरी चुकली, तेव्हा मुलानं शिडी शेजाऱ्याकडे ठेवली. एकदा सायकल उकिरड्यात गेली, तेव्हा सायकल मुलगा वापरू लागला. मग एका पंपात त्यानं सील उलटं बसवलं आणि पंपाचा मालक चार लोकांत म्हणाला की मिस्त्री, आता आराम करा. आराम हा शब्द म्हाताऱ्याच्या इतका वर्मी लागला, की त्या दिवसापासून पान्यांची पिशवी खुंटीवरून खाली आली नाही. आता हातात उरला होता फक्त चार्जर.

आणि चार्जर लावायला डोळे लागतात असं कुणी सांगितलं? त्याची आपली रीत होती. बॅटरीवर शिशाचे दोन खुंट असतात. प्लसचा जरा जाड, मायनसचा जरा बारीक. गाडीच्या वायरी सोडवून बाजूला करायच्या, मग अंगठा आणि एक बोट, खुंट चिमटीत धरायचा. जाड लागला की प्लस. चार्जरच्या दोन चिमट्यांपैकी प्लसच्या चिमट्याला त्यानं कानशीनं खाच पाडून ठेवली होती. खाचेचा चिमटा जाड खुंटाला, दुसरा बारकाला. हे सगळं तो मान वर करून, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत करायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काय सफाई आहे.

घरात तिघंच. मिस्त्री, मुलगा आणि सून. मुलगा सकाळी पाण्याच्या खेपा करायचा आणि दुपारी सायकलवरून खडीच्या मशीनवर जायचा. गाव त्याला पाणीवाला म्हणायचं. मागच्या वर्षी तो तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळला, तेव्हा सुनेनं म्हटलं, मी चालवू का. मिस्त्रीनं हो म्हटलं, कारण दुसरा उपाय नव्हता. म्हातारा मागे हौद्यात पिंपाला धरून बसायचा आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ओरडायचा, आता दुसरा गिअर टाक, आता सोड, अगं हळू, ती म्हैस नाही हाकलायला. चार दिवसांत ती शिकली. पाचव्या दिवशी त्याला ओरडायला जागाच उरली नाही, तर तो जरा नाराज झाला.

मुलगा बरा झाला तरी दुपारची एक खेप तिच्याकडेच राहिली. ओढ्यापलीकडे एका बाईची रोपवाटिका होती. तिथे रोज चार पिंपं पाणी लागायचं, आणि रोपवाली बाई म्हणाली होती की तुझी बायकोच पाठव, ती रोपांना पाणी घालते, तू आंघोळ घालतोस. चारला चार्जर निघाला की सून डोक्याला जुना निळा रुमाल बांधायची, साडीचा पदर खोचायची आणि निघायची. जायला यायला मिळून तासभर. त्या तासात तिला कुणी हाक मारायचं नाही, कुणी काही आणायला सांगायचं नाही. ती परत यायची तेव्हा धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि ती आल्या आल्या मिस्त्रीला सांगायची की आज चढावर तिसऱ्यावरच नेली. म्हातारा म्हणायचा, इंजिनाचा जीव घेशील. पण तो वाट बघत बसलेला असायचा हे दोघांनाही माहीत होतं.

गाव तिला ड्रायव्हरीण म्हणू लागलं. पोरंबाळं कौतुकानं म्हणायची, चहाच्या टपरीवरचे मोठे लोक वेगळ्या सुरात. बायको गाडी हाकते आणि नवरा चहा ढोसतो, असं कुणीतरी पाणीवाल्याच्या तोंडावर म्हणालं, तेव्हा तो हसला. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं विनाकारण बादलीला लाथ मारली.

त्या दिवशी झालं ते असं. गाडीच्या मायनसची पकड ढिली झाली होती. दगडगोट्यांत गाडी उसळली की वायर हलायची आणि गाडी बंद पडायची. आदल्या दिवशी भर चढावर, चारही पिंपं भरलेली असताना, दोनदा बंद पडली. सुनेनं मागच्या चाकांना दगड लावून ती सावरली होती. घरी येऊन तिनं तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कातरला, बोटभर रुंदीची पट्टी मायनसच्या खुंटाला दोन वेढे गुंडाळली आणि त्यावर पकड ठोकून बसवली. काम चोख होतं. मिस्त्रीच्या भरातल्या दिवसांत त्यानंही तेच केलं असतं.

सकाळी तो अंगणात दाढी करत बसला होता. आरशात बघत नव्हता, गालावर बोट फिरवून वस्तरा चालवत होता. सून पाणी घेऊन आली आणि म्हणाली,

"मामा, मायनसला मी पत्रा गुंडाळलाय. हाताला जाड लागेल. आज चार्जर लावताना वरची खूण बघून लावा."

खूण बघून. खुंटाशेजारी बॅटरीवर अधिक आणि वजा अशा खुणा कोरलेल्या होत्या, आणि त्या दिसायच्या बंद होऊन मिस्त्रीला वर्ष झालं होतं. सुनेला ते माहीत असावं, म्हणूनच ती इतक्या हळू आवाजात बोलली असावी. पण म्हाताऱ्याला त्या हळू आवाजाचाच राग आला. आपण जिला गिअर टाकायला शिकवलं ती आता आपल्याला चार्जर लावायला शिकवते. तो म्हणाला, बरं बरं, आणि वस्तरा पुन्हा गालाला लावला. ऐकलं त्यानं, पण कानाच्या आत जाऊ दिलं नाही.

दुपारी वीज आली. मुलगा मशीनवर गेला होता, सून मागच्या बाजूला पिंपं घासत होती. मिस्त्रीनं सीट उचललं, वायरी सोडवल्या, अंगठ्यानं खुंट चाचपले. एक जाड, एक बारीक. पत्र्याची कड अंगठ्याला लागलीसुद्धा. हे काय लागलं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. त्याच वेळी रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, काय मिस्त्री, आली का लाईट? आली आली, असं म्हणत त्यानं खाचेचा चिमटा जाड खुंटाला लावला आणि दुसरा दुसऱ्याला. ठिणगी उडाली. रोजच उडायची, पण आजची मोठी होती, इतकी की त्यालाही दिसली. बॅटरी फार उतरली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि तो झाडाखालच्या बाजेवर जाऊन पडला. ही ठिणगी पुढे कितीतरी दिवस त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

आधी वास आला. जळक्या रबराचा. त्याला वाटलं, कुणीतरी टायर पेटवला. मग सुनेची हाक आली, मग तिच्या धावण्याचा आवाज. तो उठला तेव्हा सीटखालून काळा धूर निघत होता. चार्जरच्या वायरी तापून वितळल्या होत्या, त्यांचं रबर गाडीच्या वायरिंगवर गळत होतं आणि तिथं बारीक ज्योत धरली होती.

"मामा, बटण बंद करा."

बटण ओसरीच्या भिंतीवर होतं. चाळीस वर्षं विजेशी खेळलेला माणूस भिंतीवर हात फिरवत राहिला. खिळा लागला, कंदिलाची कडी लागली, बटण लागेना. सावलीत भिंत आणि बटण एकाच रंगाची झाली होती. सुनेनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग वाट पाहिली नाही. तिनं उजव्या हातानं खाचेचा चिमटा धरला आणि ओढला. तो सहजी निघाला नाही, पत्र्याला चिकटला होता. तिनं तो पिळून काढला. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी अंगणातली माती उचलून पेटीत टाकली, परत परत, ज्योत मरेपर्यंत. तेव्हा कुठे मिस्त्रीला बटण सापडलं.

पाणी नव्हतं म्हणून गाडी वाचली म्हणायची, कारण पाणी असतं तर कुणीतरी घाबरून ओतलं असतं. बॅटरी फुगली होती, अर्धं वायरिंग कोळसा झालं होतं. सून हौद्याला टेकून खाली बसली. तिच्या उजव्या तळव्यावर वितळलेलं रबर चिकटलं होतं आणि त्याच्या कडेनं कातडी पांढरी पडली होती. ती रडत नव्हती. दात आवळून हात मनगटाशी धरून बसली होती. मिस्त्रीनं घरातलं पिण्याचं पाणी परातीत ओतलं आणि तिचा हात त्यात धरला. त्या उन्हाळ्यात एवढं पाणी त्या घरात एका वेळी कुणी वापरलं नव्हतं.

मुलगा आला तेव्हा पाच वाजले होते. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि गाडीजवळ गेला. सीट उचललं, वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला. चिमटे उचलून बघितले. मग त्यानं विचारलं,

"चार्जर कुणी लावला होता?"

सून ओसरीवर बसली होती, हात अजून परातीत. तिनं मान वर केली आणि मिस्त्रीकडे पाहिलं. नुसती पाहत राहिली.

मिस्त्रीच्या डोक्यात त्या वेळी जे चाललं होतं त्याची त्याला पुढे लाज वाटली. हातावरच्या फोडांचा विचार त्याच्या मनात नव्हता, गाडीचाही नव्हता. उद्या दुपारी दोन वाजता मी काय करू, एवढाच विचार होता. बाजेवर पडून वीज आल्याचं कुणाला तरी ओरडून सांगायचं, म्हणजे दुसरं कुणी येऊन चार्जर लावेल.

"हिनं मायनसला पत्रा गुंडाळला होता," तो म्हणाला.

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच ते इतकं सरळ तोंडातून बाहेर पडलं.

मुलगा वळला. तो ओरडला नाही. तरी मी सांगत होतो, असं काहीतरी आधी पुटपुटला, जरी त्यानं कधी काही सांगितलं नव्हतं. मग म्हणाला की नसते उद्योग कुणी सांगितले होते, गाडी म्हणजे काय चूल आहे का, आणि आजपासून गाडीला हात लावायचा नाही. सुनेनं परातीतून हात काढला, पदरात धरला आणि ती आत गेली. तिनं मिस्त्रीचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याला नाही म्हणावं लागलं असतं आणि त्या नाही म्हणण्यात तो पकडला गेला असता.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं मलम लावलं, पट्टी बांधली आणि सांगितलं की जखम सुकायला लागली की रोज मूठ मिटायची, उघडायची. दुखलं तरी. नाहीतर तळव्याची कातडी आखडेल आणि मग बोटं मिटायची नाहीत.

गाडी सहा दिवस बंद होती. मुलानं शेजारच्या गावातून माणूस आणून वायरिंग बदललं, दुसरी जुनी बॅटरी बसवली, आणि सातव्या दिवशी पाणी पुन्हा सुरू झालं. दुपारची खेपही तोच करू लागला, मशीनवरची अर्धी पाळी सोडून. रोपवाल्या बाईनं विचारलं, ड्रायव्हरीण कुठे आहे? तो म्हणाला, तिला झेपत नाही. चार दिवसांत त्यानं पाईप सोडून दोन वाफे उखडून टाकले. बाईनं कपाळावर हात मारला, पण गाव तहानलेलं असताना पाणीवाल्याशी भांडण कोण करणार? तिनं एवढंच केलं, की सुनेला मातीच्या पिशव्या भरायच्या कामावर बोलावून घेतलं.

तेव्हापासून सून सकाळी चालत जायची आणि संध्याकाळी चालत यायची. डाव्या हातानं माती भरायची, उजवा हात पट्टी बांधलेला, कमरेशी खोचल्यासारखा धरलेला. मातीत जाऊ नये म्हणून ती तो जपायची, आणि जपता जपता तो वापरातूनच गेला. घरी कपडे धुतले की तिला पिळता येत नसत. दोरीवर टाकलेल्या कपड्यांतून पाणी ठिबकत राहायचं. बाजेवर पडलेल्या मिस्त्रीला ते ऐकू यायचं आणि एवढ्या दुष्काळात पाणी वाया जातंय म्हणून बोलायची त्याची हिंमत व्हायची नाही.

ती त्याच्याशी पूर्वीसारखीच वागायची. जेवायला वाढायची, हात धुवायला पाणी द्यायची, रात्री बाज आत ओढायला मदत करायची. तोंड फिरवलं असतं, भांडी आपटली असती, तर म्हाताऱ्याला चाललं असतं. फक्त आता ती चढावरच्या गिअरचं काही सांगत नसे, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि चार्जर? चार्जर मिस्त्रीच लावत होता. मुलानं ते काम त्याच्याकडून काढून घेतलं नाही. उलट एक दिवस त्यानं लाकडाचं एक टोपण कोरलं आणि नव्या बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर घट्ट बसवलं, बाजूला फक्त चिमटा शिरेल एवढी फट ठेवून. आता अंगठ्याला उघडा असा एकच खुंट लागायचा, प्लसचा. हे त्यानं न बोलता केलं. टोपण पहिल्यांदा हाताला लागलं तेव्हा मिस्त्रीला काहीतरी कळल्यासारखं झालं, पण त्यानं ते कळू दिलं नाही. तो त्यात आता तरबेज झाला होता.

रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगायचं. सकाळी मुलगा घाईत असायचा. दुपारी तो दमलेला असायचा. संध्याकाळी सून असायची आणि तिच्यासमोर कसं सांगणार? असा दीड महिना गेला. आभाळात दोनदा ढग आले आणि गेले.

शेवटी एका दुपारी मुलगा मागच्या आसाला ग्रीस लावत गाडीखाली पडला होता. नुसते पाय बाहेर होते. कदाचित तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मिस्त्रीला बोलता आलं. तो म्हणाला की त्या दिवशी चार्जर मी उलटा लावला. तिनं सकाळी मला सांगितलं होतं, खूण बघा म्हणून. मला खूण दिसत नाही. वर्ष झालं दिसत नाही.

पाय हलले नाहीत. ग्रीस चोपडण्याचा आवाज थोडा थांबला आणि परत सुरू झाला.

"माहीत आहे मला."

मिस्त्रीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"चिमटे बघितले होते मी. खाचेच्या चिमट्याला पत्रा चिकटला होता. ती लावते ते खूण बघून लावते, तिचा चुकायचा नाही. अंगठ्यानं लावणारं घरात एकच माणूस आहे."

"मग तिला का बोललास?"

मुलगा गाडीखालून सरकत बाहेर आला. हात पुसायला चिंधी शोधू लागला. चिंधी त्याच्या खांद्यावरच होती.

"तुम्हाला काय बोलणार होतो, बाबा?" तो म्हणाला. आणि चिंधीकडे बघत, "लोकही फार बोलायला लागले होते तिच्यावरून. आपोआप बंद होतंय तर होऊ दे म्हटलं."

म्हातारा तिथेच हौद्याच्या कडेवर बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण एकटेच लपलोय. आता कळलं की बापलेक दोघंही एकाच बाईच्या पाठीमागे दडून बसले होते, आणि ती बिचारी रोज दोघांना वाढत होती. त्याला मुलाचा राग आला नाही. कुठल्या तोंडानं येणार होता?

मुलगा म्हणाला, उद्यापासून चालवू दे तिला, माझी ना नाही. लोकांचं बघून घेईन. हे म्हणताना त्यालाही बरं वाटलं असावं, कारण मग तो उगीचच गाडीवर फडकं मारत राहिला.

संध्याकाळी सून आली. अंगणात पायांची माती झाडत होती. मिस्त्री तिची वाट बघत ओसरीच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, उद्या दुपारची खेप तू ने.

तिनं झाडणं थांबवलं. विचारलं,

"त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं. त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, दाढीपासून ठिणगीपर्यंत. ती उभ्यानं ऐकत होती. नवऱ्याला आधीच माहीत होतं हेही त्यानं सांगितलं, ते लपवण्यात काही अर्थ नव्हता. त्यावर ती फक्त बरं म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं पेटी उघडल्याचा आवाज आला. तिनं निळा रुमाल काढला होता, दीड महिन्याच्या घड्या पडलेला. तो तिनं झटकला, नाकाशी धरून बघितला आणि धुवून दोरीवर टाकला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी गुणगुणत स्वयंपाक केला. मिस्त्रीनं त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

दुसऱ्या दिवशी ती रोपवाटिकेतून दुपारी लवकर आली. चार वाजले, वीज गेली, मिस्त्रीनं चिमटे काढले, वायरी जोडल्या. मुलगा मशीनवर गेलाच नव्हता. तो दारात उभा होता. हौद्यात चार भरलेली पिंपं होती. सुनेनं रुमाल बांधला, पदर खोचला आणि ती सीटवर बसली. बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली. डाव्या हातानं क्लच धरला, पहिला गिअर टाकला. मग उजवा हात हँडलच्या रेसच्या मुठीवर ठेवला.

हात मुठीवर बसला, पण मिटला नाही. बोटं अर्ध्यात येऊन थांबली. तळव्याच्या मधोमध जखमेची जागा गुळगुळीत, घट्ट, ताणून वाळत घातल्यासारखी झाली होती. तिनं मनगटानं दाबून मूठ फिरवायचा प्रयत्न केला. इंजिन एकदम भडकलं आणि हात निसटताच खाली बसलं. ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं पोचतच नव्हती. तिनं परत केलं. तिसऱ्यांदा तिनं गिअर काढून डाव्या हातानं उजवी बोटं एक एक करून मुठीभोवती दाबली, तेव्हा तिच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला आणि डावा हात सोडताच बोटं परत उघडली. समोर ओढ्याचा उतार होता आणि मागे चार पिंपांचं वजन.

तिनं गाडी बंद केली.

मिस्त्री जवळ आला. त्यानं तिचा हात हातात घेतला, बोटांनी चाचपला. यंत्रातलं बिघडलेलं त्याला नेहमीच बोटांनी कळायचं. हेही कळलं. हे आता वळणारं नव्हतं.

"कंपाउंडरनं सांगितलं होतं ना, रोज मूठ वळवायची?"

"सांगितलं होतं." ती रागानं बोलत नव्हती. "पण दुखायचं फार. आणि कशासाठी वळवायची, मामा? माती डाव्या हातानंही भरता येते. गाडी असती तर वळवावीच लागली असती."

मुलगा दारातून पुढे आला आणि दोन पावलांवर थांबला. म्हातारा म्हणाला, तू तरी बोलायचं होतंस पोरी, त्याच दिवशी, सगळ्यांसमोर.

"मी बघत होते ना तुमच्याकडे," ती म्हणाली.

त्याला म्हणता आलं असतं की मला दिसत नाही. काल तर तो मुलासमोर ते कबूलही करून बसला होता आणि कुणी त्याला दोष दिला नसता. ते वाक्य जिभेवर तयार होतं.

"दिसलं होतं मला," तो म्हणाला.

सुनेनं मान हलवली. मग ती सीटवरून उतरली, डोक्याचा रुमाल सोडून तिनं कमरेला खोचला आणि नवऱ्याला म्हणाली की पाईप सोडू नका, बादलीनं घाला. नवरा गाडीवर बसला. ती त्याच्यामागून चालत निघाली, कारण तिच्या पिशव्या अर्ध्या भरायच्या राहिल्या होत्या आणि उजेड अजून तीनेक तास होता.